हलके छत, निवलेले घर : आमची वाटचाल

आमची फर्म लातूरची आहे. जुन्या घरांची छते आणि पोटमाळे उन्हापासून राखणे आणि छत-भिंतींमधल्या फटी बुजवून बाहेरच्या झळा व धूळ आत येऊ न देणे, हे आमचे काम. हा व्यवसाय वडिलांच्या फॅब्रिकेशनच्या कामातून उभा राहिला आणि त्या कामाला वेग आला तो 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेनंतर. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंतींवरची जड माळवदे, म्हणजे मातीच्या जाड थराची छते, झोपलेल्या माणसांच्या अंगावर आली, हजारो माणसे गेली, आणि त्यानंतर औसा, निलंगा, लोहारा, उमरगा या भागांत माळवदाखाली झोपायला कोणाचे मन धजेना. ज्याला जमले त्याने माती उतरवून वर पत्रे घातले. वडिलांनी अशी असंख्य छपरे बसविली. माणसांच्या डोक्यावरचे ओझे गेले, हे या बदलाचे मोठेपण आम्ही कधीही विसरत नाही.

मात्र पांढऱ्या मातीचा तो जाड थर दिवसभराचे ऊन स्वतःत जिरवीत असे आणि पातळ पत्र्याला ते शक्य नाही. मे महिन्याच्या दुपारी उघडा पत्रा साठ अंशांच्या पुढे तापतो आणि ती आच थेट खाली उतरते. लोकांनी कूलर घेतले, वाळ्याचे पडदे लावले आणि बरीच वर्षे निभावून नेले. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. प्यायच्या पाण्याचीच चणचण असताना कूलरमध्ये कोण पाणी ओतणार? बसवून दिलेल्या पत्र्याखाली काही करता येईल का, ही विचारणा वाढली ती त्याच उन्हाळ्यात, आणि आम्ही हे काम गांभीर्याने शिकलो.

या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. आधी फटी, मग उष्णतारोधक थर. भिंत आणि पत्रा जिथे टेकतात तिथे पत्र्याच्या नागमोडी पन्हळीखाली राहणारी पोकळी, वायरी आत येण्यासाठी पाडलेली भोके, पोटमाळ्याच्या झडपेच्या कडा, फळ्यांमधल्या चिरा, यांतून गरम हवा येतच राहिली तर वर कितीही महागडे साहित्य अंथरले तरी खोली निवत नाही. ग्राहकाला थर दिसतो आणि बुजविलेली फट दिसत नाही, म्हणून या अर्ध्या कामाचे पैसे देताना हात आखडतो. त्यासाठी आम्ही दुपारी दारे-खिडक्या लावून, दिवे मालवून घरच्यांना पोटमाळ्यात उभे करतो. उजेडाच्या तिरिपी कुठून येतात ते त्यांचे त्यांनाच दिसते. मग खाली खोलीत येऊन झडपेच्या आणि फळ्यांच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवितो, आणि धूर जिथे थरथरतो किंवा वर ओढला जातो तिथे खडूने खूण करतो.

औसा तालुक्यातल्या एका जुन्या वाड्यात अशा खुणा करताना आढळले की पन्हळीखालची सगळी पोकळी पूर्वी कोणीतरी सिमेंटने भरलेली होती आणि ते सिमेंट तुकड्या-तुकड्यांनी सुटून पोटमाळ्यात पडलेले होते. काम नेटके होते, साहित्य चुकले होते. बारा फुटी पोलादी पत्रा चाळीस अंशांच्या फरकाने पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास लांबतो आणि रात्री पुन्हा आखडतो. ही रोजची ओढाताण कडक सिमेंटला सोसत नाही. तिथे पन्हळीच्या आकाराच्या फोमच्या पट्ट्या आणि लवचीक सीलंटच हवे. त्या वाड्यात आम्ही तेच केले, फळ्यांच्या चिरा बुजविल्या आणि मगच पोटमाळ्यात 50 मिलिमीटर जाडीचे ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा उष्णतारोधक थर, अंथरले.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाची ईको-निवास संहिता, म्हणजे घरे बांधताना ऊर्जा वाचविण्याची नियमावली, 2018 सालची आहे. ती नव्या घरांसाठी असली तरी आम्ही तिचा मापदंड जुन्या घरांनाही लावतो. छतातून जाणारी उष्णता दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला 1.2 वॉटपेक्षा अधिक नसावी, असे ती सांगते. उघड्या पत्र्याचा हा आकडा पाचाच्या घरात किंवा त्याहूनही वर जातो. 50 मिलिमीटर ग्लासवूल नीट, मध्ये जागा न सोडता बसविले की तो एकाच्या खाली येतो. चकचकीत फॉइलचे फोमही आम्ही वापरतो, परंतु फॉइलसमोर किमान इंचभर मोकळी हवा नसेल तर त्या चकाकीचा उपयोग होत नाही. फोम पत्र्याला चिकटवून त्याखाली लगेच फॉल्स सीलिंग ठोकणाऱ्यांना हे कोणीतरी सांगायला हवे.

काही कामे आम्ही घेत नाही. जुन्या माळवदावर आणखी माती किंवा काँक्रीट चढविण्याचे काम कितीही पैसे मिळाले तरी नको. आमच्या भागात छताचे वजन वाढविणे आम्हाला मान्य नाही. चूल पेटते ते स्वयंपाकघर आम्ही बंदिस्त करीत नाही, कारण धुराला वाट हवीच. कूलरच्या खोलीतही आत आलेली हवा बाहेर पडायला खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर नुसता दमटपणा वाढतो. खोली आणि पोटमाळा यांच्यामधली हवा आम्ही अडवितो. पोटमाळ्यातली तापलेली हवा मात्र बाहेर जाऊ देतो आणि त्या झरोक्यांना उंदीर-खारींसाठी बारीक जाळी लावतो. जुन्या वायरिंगवर थर टाकण्याआधी वायरमनकडून तपासणी झालीच पाहिजे, कारण झाकलेली वायर अधिक तापते. स्वस्त म्हणून थर्माकोल मागितला जातो, तो आम्ही घरात लावीत नाही. तो फार लवकर पेट घेतो.

उन्हाळ्यात फोन खणखणतात, पण खरे काम दिवाळीनंतर चालते. सोयाबीनचे पैसे हाती आलेले असतात, आणि तापलेल्या पत्र्याखाली, ग्लासवूलसाठी मास्क आणि हातमोजे घालून आमच्या कामगारांना तासन्तास वाकून काम करावे लागत नाही. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम देणाऱ्यांना आम्ही दर कमी लावतो. पहिला मोठा पाऊस पडून गेला की त्या हंगामातल्या प्रत्येक घरी आमचा माणूस जातो, पोटमाळ्यात चढून सीलंटच्या रेषा आणि थराखालची ओल पाहतो, आणि सुटलेले असेल ते त्याच दिवशी भरून देतो. या फेरीचे पैसे आम्ही घेत नाही.