मॅगझिन बदलायला वेळ नव्हता

वारसनोंदीच्या कामासाठी काकांबरोबर माणगावच्या तहसील कचेरीत गेलो होतो. नंबर यायला अवकाश होता म्हणून आवारात फिरत होतो. तिथे यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाता-येता माणगावला कितीतरी वेळा चहा प्यायलोय, पण त्या पुतळ्यासमोर कधी उभा राहिलो नव्हतो.

"व्हिक्टोरिया क्रॉसवाला. पळसगावचा. इटलीत गेला," काका म्हणाले.

"तिकडे गेला, की तिकडेच गेला?"

"दोन्ही."

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे युद्धातल्या शौर्यासाठीचं ब्रिटिशांचं सर्वात मोठं पदक. रात्री घरी येऊन घाडगेंच्या त्या पदकाचं मानपत्र शोधून वाचलं. असल्या सरकारी कागदात विशेषणांचा पाऊस असेल असं वाटलं होतं. उलट अगदी कोरडं लिहिलंय. १० जुलै १९४४. रोम महिनाभरापूर्वीच पडलं होतं आणि जर्मन फौज टायबर नदीच्या खोऱ्यातून, डोंगरा-डोंगरावर अडत, उत्तरेला सरकत होती. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमधली एक तुकडी मशीनगनच्या माऱ्यात अगदी जवळून सापडली. तुकडीचे प्रमुख नाईक घाडगे सोडून एकजात सगळे मेले किंवा जखमी झाले. आता सोबत यायला कोणी उरलेलं नाही, हे घाडगेंना पक्कं माहीत होतं, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. तरी ते एकटेच त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावले. हातबॉम्ब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला. टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. उरले दोघे. मॅगझिन, म्हणजे बंदुकीतली गोळ्यांची पेटी, बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना मारलं.

मी अडकलो तो या मॅगझिनपाशी. शौर्य वगैरे शब्द मला नीट दिसत नाहीत. रिकामी झालेली बंदूक उलटी धरलेला हात मात्र दिसतो. लपून बसलेल्या नेमबाजांनी नंतर त्यांना टिपलं. एकट्याने घेतलेल्या त्याच ठाण्यात ते पडले. जन्म नोव्हेंबर १९२१चा, म्हणजे वय बावीस. त्या वयात मी एटीकेटीचे पेपर देत होतो.

दुसऱ्या दिवशी काकांना मनातलं विचारलंच. १९४४ साल, चले जावला दोन वर्षं होत आलेली, नेहरू-पटेल नगरच्या किल्ल्यात कैद. मग इंग्रजांसाठी कशाला मरायचं?

काका सुपारी कातरत होते. म्हणाले, "आपल्याकडे तेव्हा दोनच वाटा होत्या. मुंबईची गिरणी, नाहीतर पलटण." मग जरा थांबून, "आणि आजूबाजूला पडलेली पोरं कोणाची होती? इंग्रजांची?"

यावर मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनाही पुढच्या वर्षी इटलीतच मिळाला, पण ते जिवंत परतले. घाडगेंचं ज्ञात थडगं कुठेच नाही. इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर, थडगं ठाऊक नसलेल्यांच्या चार हजारांहून जास्त नावांमध्ये त्यांचं नाव आहे. २०२३मध्ये मात्र टायबरच्या खोऱ्यातल्या मोंतोने गावाने भारतीय सैनिकांसाठी स्मारक उभारलं आणि त्याला घाडगेंचं नाव दिलं. पुतळा नाही, चक्क सूर्यघड्याळ! त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय, त्याचा अर्थ 'सगळे एकाच सूर्याखाली'.

काकांना मोबाइलवर फोटो दाखवला. लॅटिनचं त्यांना विशेष काही वाटलं नाही. म्हणाले, "या घड्याळात बारा कधी वाजतात?"

हिशोब केला. तिथे ऊन डोक्यावर येतं तेव्हा आपल्याकडे साडेचार वाजून गेलेले असतात.

"म्हणजे आपल्या चहाला," काका म्हणाले, आणि आत हाक मारून आधण ठेवायला सांगितलं.