नेमके काय ऐकू आले नाही?

फोनवर कोणी "बैठक गुरुवारी साडेचारला, दुसऱ्या मजल्यावर" असे सांगितले आणि मधला भाग नीट ऐकू आला नाही, तर नुसते "काय?" विचारल्यावर समोरच्याला सगळे वाक्य पहिल्यापासून सांगावे लागते. "किती वाजता?" असे विचारले, तर वार आणि जागा कळली आहे, अडले आहे ते फक्त वेळेपाशी, हे त्याच्या आपोआप लक्षात येते. "साडेचारला ना?" हा प्रश्न त्याहून सोयीचा, कारण त्याचे काम एका "हो"वर भागते. खुलासा मागणाऱ्या प्रश्नात आपल्याला किती कळले आहे याची पावतीही असते, आणि त्यामुळेच असा प्रश्न विचारण्यात मला कधी कमीपणा वाटत नाही.

वेगवेगळ्या १२ भाषांतील रोजच्या गप्पा तपासून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की सरासरी दर १.४ मिनिटांनी कोणी ना कोणी असा खुलासा विचारतो आणि विचारताना जमेल तितका नेमका प्रश्न निवडतो. म्हणजे समोरच्याचे कष्ट वाचवण्याची ही रीत कोणा एका भाषेची मक्तेदारी नाही.

"ना?" लावलेल्या प्रश्नात मात्र एक गोम आहे. उत्तर त्यातच भरलेले असल्यामुळे घाईतला माणूस, पाचची वेळ असली तरी, "हो हो" म्हणून मोकळा होतो. प्रश्नातल्या शब्दानेही उत्तर वळते: मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ च्या प्रयोगात मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवून, गाड्या एकमेकींना "धडकल्या" तेव्हा वेग किती होता असे काहींना विचारले आणि इतरांना त्याच जागी जोरदार आदळण्याचा शब्द वापरून विचारले, तर दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. म्हणून जिथे चूक महागात पडेल, तिथे मी "किती वाजता?" असे मोकळेच विचारतो, मग समोरच्याला चार शब्द जास्त बोलावे लागले तरी चालतील.

सर्वांत निरुपयोगी प्रश्न म्हणजे "समजले का?" (शिक्षक आणि साहेब मंडळींचा तो विशेष लाडका!) त्याला "नाही" म्हणण्याचा धीर फार थोड्यांना होतो. औषध लिहून दिल्यावर "गोळी कधी आणि किती घेणार, ते एकदा तुम्हीच सांगा" असे विचारणाऱ्या डॉक्टरांना, सूचना कुठे निसटली आहे ते रुग्ण दारातून बाहेर पडण्याआधीच कळते.