गोगलगायीचा उपास

बेळगावात हॉटेल मॅनेजमेंटच्या मुलांना मी फ्रेंच स्वयंपाक शिकवतो. अभ्यासक्रमात एस्कार्गो, म्हणजे खायच्या गोगलगायी, आहेत. सहा खळग्यांची ताटली, शंख धरायचा चिमटा, दोन दातांचा बारीक काटा हे सगळं मुलं पाठ करतात, पण तो पदार्थ शिजताना कुणी बघितलेला नसतो. म्हणून यंदा पावसाळ्यात मी डबाबंद एस्कार्गो मागवले.

प्रॅक्टिकलच्या सकाळी निपाणीकडचा एक पोरगा ओलं बारदान खांद्यावर टाकून हजर. "सर, सोयाबीनमधनं येचून आणल्यात बघा. डब्यातलं कशाला, ताज्याच करूया की ओ." आत मुठीएवढ्या आफ्रिकन शंखी गोगलगायी.

"रानात औषध टाकलंय काय?" मी विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. तिथंच वडिलांना फोन लावला. "टाकलंय की सर, परवा सांजच्याला. गोळ्या." म्हणजे मेटाल्डिहाइड, गोगलगायी मारायचं विष. बारदान ताबडतोब किचनबाहेर गेलं.

मग आधी ठरवलेलं बाजूला ठेवून मी उपासावर बोललो. गोगलगाय आपल्याला बाधणारा पालाही बिनधास्त खाते आणि तो तिच्या पोटात असतो. म्हणून युरोपात शिजवण्याआधी तिला बरेच दिवस उपाशी ठेवतात. एस्कार्गोचं निम्मं काम चूल पेटण्याआधीच झालेलं असतं, असं मी मानतो. माणूस गोगलगायी खातोय फार जुन्या काळापासून. स्पेनमध्ये सुमारे 30,000 वर्षांपूर्वीच्या चुलींजवळ भाजलेल्या गोगलगायींचे शंख सापडलेत. पण तिला काय खाऊ घालायचं याचा खरा विचार रोमनांनी केला. सीझर आणि पॉम्पी यांच्या यादवीच्या थोडं आधी फुल्वियस लिप्पिनस नावाच्या माणसानं इटलीतल्या तार्क्विनीजवळ गोगलगायींचे वाडे उभारले, असं रोमन लेखक प्लिनी सांगतो. पांढऱ्या वेगळ्या, इलिरियाच्या, म्हणजे बाल्कनकडच्या, थोराड वेगळ्या, आफ्रिकेच्या वेगळ्या. चारा कसला, तर आटवलेला द्राक्षरस आणि पीठ. दूध पाजून पोसायचीही रीत रोमनांत होती.

"मग ह्यांनाबी ठेवूया की उपाशी," पोरगा म्हणाला. उपासानं पोट रिकामं होतं, पण गोळ्यांचं विष उतरेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. शिवाय या शंखीत उंदराच्या फुप्फुसातला जंत असू शकतो. ती अर्धीकच्ची पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. हातमोजे घालून सगळ्या शंखी मिठाच्या पाण्यात बुडवल्या, खड्ड्यात पुरल्या आणि साऱ्या वर्गाचे हात साबणानं धुवून घेतले.

डब्यातलं मांस शिजलेलं असतं. ताजी असेल तर मीठ-व्हिनेगरनं चोळून बुळबुळीतपणा काढायचा, उकळी देऊन मांस शंखातून ओढायचं, शेपटाकडचं काळं वेटोळं कापायचं आणि कांदा, गाजर, तमालपत्र, वाइन घातलेल्या पाण्यात मंद आचेवर तास-दोन तास ठेवायचं. आम्ही लोण्यापासून सुरुवात केली. लोणी मऊ हवं, वितळलेलं नको. त्यात ठेचलेला लसूण, बारीक चिरलेली पार्सली, मीठ. शंखात आधी थोडं लोणी, मग मांस, मग लोण्यानंच तोंड बंद. ओव्हनमध्ये लोणी खदखदलं की ताटली लगेच बाहेर. जास्त ठेवली तर मांस चिवट होतं.

नाक मुरडणाऱ्या मुलीसुद्धा लसणाच्या वासानं जवळ आल्या. "तिसऱ्यांसारखं लागतंय, पण मातीचा वास हाय," खानापूरची एक मुलगी म्हणाली. अगदी बरोबर ओळखलं तिनं. खळग्यात उरलेलं लोणी पावानं पुसून खायचं असतं, हे मात्र कुणाला सांगावं लागलं नाही.

दुपारी त्या पोराच्या वडिलांचाच फोन. "सर, तिकडं खरंच पैसे मोजून खातात? मग बांधाला पाळू काय?" मी सांगितलं, काका, त्यांची बर्गंडीची गोगलगाय वेगळी. ती कमी होत चालली म्हणून फ्रान्सनं 1979 मध्ये नियम केला, एप्रिल ते जून रानातून उचलायची नाही. आपली शंखी 1847 मध्ये मॉरिशसहून कलकत्त्यात आणली आणि तिथून पसरली. एकेक शंखी शेकड्यांनी अंडी घालते, ती पाळायची नाही. आणि गोळ्यांपाशी कुत्रं जाऊ देऊ नका, आवडीनं खातं आणि मरतं.

"अगा, मोकळंच हाय ते," म्हणाले, आणि फोन ठेवला.