अण्णांच्या उशाशी एकच रिमोट

टीव्हीचा एक, सेटटॉप बॉक्सचा एक, एसीचा एक, आणि उन्हाळ्यात बीएलडीसी फॅन (कमी विजेवर चालणारा, रिमोटवाला पंखा) बसवला तर त्याचा अजून एक. अण्णांचं खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना सारखं उठायला जमत नाही, आणि रात्री अंधारात ह्यातला कुठला रिमोट कशाचा हे चाचपडत बसायचं म्हणजे हालच. म्हणून म्हटलं त्यांच्या हातात एकच द्यायचा आणि खोलीचा लाईटही त्यावरच आला पाहिजे.

सगळ्यांनी सांगितलं मोबाईलवर ॲप घे, बोलून पण लाईट लागतो. लागतो हो, पण सत्तरी ओलांडलेल्या माणसानं रात्री दोनला मोबाईल शोधायचा, लॉक काढायचं, चष्मा लावायचा, मग ॲप. त्यात आमच्या विश्रामबागेत वळवाच्या पावसात लाईट जाते, परत आली तरी राऊटर चालू होऊन नेट लागेपर्यंत थांबा. बोटाला लागणारं बटण ते बटण, माझं मत पक्कं आहे.

लर्निंग युनिव्हर्सल रिमोट घेतला. जुना रिमोट आणि हा तोंडाला तोंड लावून ठेवायचे, नव्यावर शिकायचा मोड, जुन्याचं बटण दाबलं की तो सिग्नल उचलतो. बहुतेक रिमोटचा उजेड इन्फ्रारेड असतो, सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा लुकलुकणारा, डोळ्याला दिसत नाही पण मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं तर जांभळट ठिपका दिसतो. रिमोटमधून सिग्नल निघतोय का नाही हे बघायला हे फार कामाचं.

एसीची गंमत वेगळी. टीव्हीचं बटण एक छोटा कोड पाठवतं, एसीचा रिमोट मात्र प्रत्येक दाबाला तापमान, मोड, फॅनचा स्पीड सगळंच एकदम पाठवतो, आणि म्हणून तो सिग्नल लांब असतो, काही स्वस्तातल्या रिमोटना तो पुरता उचलताच येत नाही. उचलला तर मात्र बरंच. एसीचा रिमोट २६ वर आणि फॅन स्लोवर आणून ते बटण शिकवलं, आता अण्णा एक दाबतात की २६ वर चालू, दुसरं दाबतात की बंद. टीव्हीला असं होत नाही कारण चालू-बंदचं बटण एकच, रिमोटला काय कळणार टीव्ही चालू आहे का बंद, म्हणून "सगळं बंद" असं एक बटण करायच्या नादाला मी लागलो नाही.

लाईटला रिमोटचा सिग्नल पकडणारा डोळा, म्हणजे सेन्सर, नसतो, त्यामुळे स्विचबोर्डाच्या आत रिमोटचं किट बसवावं लागतं. वायरमनकडून मेन बंद करूनच बसवून घ्या. किट घेताना दोन गोष्टी नीट विचारा. एक, ते इन्फ्रारेडवर चालतं का रेडिओवर. रेडिओवालं भिंतीपलीकडूनही चालतं पण लर्निंग रिमोटला ते शिकता येत नाही, आणि इन्फ्रारेडवाल्याचा डोळा बोर्डाच्या बाहेर दिसला पाहिजे. दुसरं म्हणजे जुनी बटणं तशीच चालली पाहिजेत, ह्यावर मी अडूनच बसलो, कारण आईला खोलीत आल्या आल्या भिंतीवरच हात जातो आणि तिनं बटण दाबल्यावर लाईट लागला नाही तर काय उपयोग.

गीझर ह्यात घेतला नाही. २००० वॅटचा गीझर म्हणजे जवळपास ९ अँपिअर, असल्या छोट्या किटच्या रिलेवर, म्हणजे आतल्या विजेच्या स्विचवर, तो रोज टाकायचा नाही, त्याला त्याचं १६ अँपिअरचं बटणच बरं.

आईनं लाईटच्या बटणावर नेलपॉलिशचा जाडसर थेंब सोडला, वाळल्यावर तो बोटाला टोचतो. अण्णा आता डोळे न उघडता लाईट लावतात आणि मग वॉकर ओढून घेतात.