सही माझीच आहे, बाकी आठवत नाही

परवा कोर्टात साक्ष देऊन आलो. गुन्हा 2014 चा. तांबट आळीजवळच्या एका गोडाऊनमधून पितळी भांडी गेलेली, आणि मी आपला चहा प्यायला बाहेर पडलेलो तर पोलिसांनी हाक मारली, दादा दोन मिनिटं या, फक्त सही करायचीय. झालो पंच, म्हणजे पंचनाम्याचा साक्षीदार. त्या दोन मिनिटांची आता अकरा वर्षं झाली.

सरकारी वकील विचारतात, माल कुठून काढून दिला, गोण्या किती, तोंड शिवलेलं होतं का. खरंच काही आठवेना हो. तेव्हा पोरगी बालवाडीत होती, आता दहावीला आहे. पंचनामा पुढे धरला, म्हटलं सही माझीच आहे, बाकी आठवत नाही. वाटलं आता मला फितूर ठरवतात की काय.

आरोपी समोरच उभा होता. तेव्हा विशीतलं पोरगं, आता कानाजवळ पांढरे केस. मार्केट यार्डात हमाली करतो, दर तारखेला एक खाडा. जुन्या भारतीय दंड संहितेच्या 379 कलमात चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि हा अकरा वर्षं झाली नुसता आरोपीच. केलीही असेल चोरी, मला काय माहीत. पण भांडीवाले शेठ पण निकाल न बघताच वारले, त्यांना तरी काय मिळालं?

घरी येऊन वाचत बसलो. घटनेच्या 21 व्या कलमात (जगण्याचा हक्क) लवकर खटल्याचा शब्दसुद्धा नाही. 1979 मध्ये सुप्रीम कोर्टात हुसेनारा खातून केस आली, बिहारच्या जेलांमध्ये लोक असे पडलेले की शिक्षा झाली असती तर केव्हाच सुटून घरी गेले असते, तेव्हा न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने सांगितलं की खटला लवकर चालणं हा जगण्याच्या हक्कातच येतो. मग डिसेंबर 1991 ची अंतुले केस (हो, आपले माजी मुख्यमंत्रीच). त्यात म्हटलं हक्क तपासापासून अपिलापर्यंत आहे, पण इतक्या वर्षांत संपवा अशी मुदत घालणार नाही, उशीर कोणामुळे झाला, कोर्टावर कामाचा बोजा किती, ते बघायचं. 2002 ला सात न्यायाधीश बसले, त्यांनीही मुदत घातली नाही.

आधी राग आला, मुदत घालायला काय जातं यांचं? पण नाशिककराला विजयानंद थिएटर आठवणारच. 21 डिसेंबर 1909 ला तिथे अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या आणि 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या जेलात त्यांना फाशी. चार महिनेपण नाहीत. तसली घाई पण नकोच. तरी तीन वर्षांच्या शिक्षेच्या केसला अकरा वर्षं म्हणजे काहीही.

नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 479 कलम आहे, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ जेलात काढल्यावर जामीन, एरवी निम्मा (फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना नाही). चांगलंय, पण ते आत असलेल्यांना. हा तर पहिल्यापासून जामिनावर बाहेर, याला त्याचा काय उपयोग.

एक सांगायचं राहिलंच. बाहेर टपरीवर तो माझ्याजवळ आला, मी जरा घाबरलोच. म्हणाला, "काका, तुम्हाला खरंच आठवत नाही?"

म्हटलं, नाही रे बाबा.

"मला पण आता नीट आठवत नाही," म्हणाला, आणि माझ्या चहाचे पण पैसे देऊन गेला. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.