बनाना क्यू आणि तळाशी बसणारी साखर

फिलिपिन्समध्ये मनिलाला लागून असलेल्या केझॉन सिटीतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी, ट्रायसिकलच्या, म्हणजे मोटारसायकलला जोडलेल्या रिक्षांच्या, थांब्याजवळ, एक बाई रोज दुपारी तीनच्या सुमारास मोठी कढई मांडतात. मेर्येन्दासाठी, म्हणजे मधल्या वेळच्या खाण्यासाठी, त्यांच्याकडे बनाना क्यू मिळते. सोललेली अख्खी साबा केळी तेलात तळायची, त्याच तेलात वितळलेल्या तांबड्या साखरेत घोळवायची आणि बांबूच्या काडीला दोन-दोन टोचायची, एवढाच हा पदार्थ. नावातले 'क्यू' बार्बेक्यूमधून आले आहे, पण विस्तवावर भाजण्याशी याचा संबंध काडीपुरताच. केळी, साखर आणि तेल या तीन जिनसांचा पदार्थ घरी जमायला मला चार रविवार लागले, आणि त्यांतले तीन एकट्या साखरेने खाल्ले, याचा राग अजून गेलेला नाही.

केळ्यांनी काही त्रास दिला नाही. पलेंगकेत, म्हणजे इथल्या मंडईत, साबा बारा महिने मिळते. आखूड, जाडसर, कोनदार अशी ही केळी बहुधा शिजवून खातात. साल पिवळी झालेली, पण दाबल्यावर घट्ट लागणारी फणी निवडावी; हिरव्या केळ्याला पिठूळ चव राहते, आणि काळे डाग पडलेले केळे तेलात मऊ होऊन फुटते.

पुढे प्रत्येक पाककृतीत एकच वाक्य होते: 'केळी अर्धवट तळली की साखर घाला आणि तिचा लेप बसेपर्यंत तळा.' लिहिणाऱ्याला हे कदाचित पुरेसे वाटले असेल. पण तेलात साखर विरघळत नाही हे मला शाळेपासून माहीत होते, त्यामुळे या वाक्यावर माझा विश्वासच बसेना. गुलाबजाम, चिरोटे, चिक्की पाहत वाढलेल्या माणसाला साखर म्हटली की पाकच आठवणार. पहिल्या रविवारी मी दुसऱ्या भांड्यात पाणी घालून पक्का पाक केला आणि तळलेली केळी त्यात बुडवली. केळी तेलकट असल्यामुळे पाक त्यांवर ठरेना. तो ओघळून ताटलीत साचला आणि तिथेच गोठला. ताटलीला उत्तम चिक्की लागली आणि केळी मात्र कोरडीच राहिली.

दुसऱ्या रविवारी मुकाट्याने पाककृतीचे ऐकले आणि वाटीभर साखर एकदम तेलात ओतली. आच मोठी होती. साखर तळाशी गेली, आणि वरच्या केळ्यांना रंग चढेपर्यंत खालची काळी पडली. घरभर जळका वास सुटला आणि लेपाची चव कडू झाली. तिसऱ्या रविवारी त्या धसक्याने आच इतकी मंद ठेवली की साखर कढईच्या बुडाशी ओल्या वाळूसारखी बसून राहिली. झाऱ्याने ढवळले की कणाकणाने वर येई आणि पुन्हा खाली जाई. त्या दहा-बारा मिनिटांत केळ्यांनी तेल पिऊन घेतले. पत्नी म्हणाली, "कोपऱ्यावरून चार काड्या आणल्या असत्या तर एव्हाना खाऊन झाल्या असत्या." तिचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणूनच ते जास्त लागले.

सोमवारी मी त्या बाईंच्या कढईशी जाऊन उभा राहिलो. इथे वयाने मोठ्या स्त्रीला 'आते' म्हणतात. इथल्या टागालोग भाषेत त्याचा अर्थ थोरली बहीण असा असला, तरी मराठी कानाला ती आत्याच वाटते, आणि त्यामुळे अडचण सांगणे सोपे गेले. आतेंनी केळी तेलात सोडली, ती फिकट सोनेरी होऊ दिली, मग मूठभर साखर केळ्यांच्या अंगावर भुरभुरवली आणि झारा चक्क बाजूला ठेवला. माझा हात नकळत झाऱ्याकडे वळला तेव्हा त्या म्हणाल्या, "हिंताय लांग." थांब जरा. साखर खाली गेली, पण मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटांत ती वितळू लागली, आणि बुडबुड्यांबरोबर तपकिरी, चकचकीत, चिकट असे काहीतरी वर आले. मग कुठे त्यांनी झारा उचलला आणि केळी त्या रसातून भराभर फिरवली. नंतर दुसरी मूठ, पुन्हा थांबणे, पुन्हा फिरवणे. माझी चूक कुठे होत होती ते तिथे उभ्या उभ्या कळले. साखर तेलात विरघळायची नसतेच, ती तेलाच्या उष्णतेने वितळायची असते. आणि वितळण्याआधी ढवळत राहिले तर कण नुसते विखुरतात. पाककृतींतून गळले होते ते हे दोन मिनिटांचे थांबणे.

चौथ्या रविवारी जमले. आठ केळ्यांना एक वाटी साखर पुरली. केळी निम्म्याहून जास्त बुडतील इतके तेल घेतले, साखरेआधी केळी तीन-चार मिनिटे तळली आणि साखर दोन हप्त्यांत घातली. साखर तांबडीच घ्यावी. इथे ती 'आसुकाल ना पुला' या नावाने मागावी लागते. तिच्यात मळीचा अंश आणि थोडी ओल असते, आणि रंगही तिचाच येतो. लेप गडद मधाच्या रंगाचा झाला की लगेच केळी काढावीत, कारण त्यापुढे कडूपणाला अर्धा मिनिटही लागत नाही.

आधीच सांगायला हवे होते ते आता आठवले: काढलेली केळी कागदावर ठेवू नयेत. तळण म्हटले की आपण सवयीने कागद पसरतो. इथे तो लेपाला असा चिकटतो की शेवटी कागदासकट खावे लागते. तेलाचा हात लावलेली ताटली किंवा जाळी बरी. काडी केळे गरम असतानाच टोचावी, गार झाल्यावर लेप तडकतो. आणि गरम लेपाला बोट लावून पाहू नये. उकळत्या पाण्यापेक्षा तो कितीतरी जास्त तापलेला असतो आणि कातडीला धरून बसतो. माझ्या अंगठ्यावर त्याची खूण आहे. कढई घासत बसण्याऐवजी तेल गार करून काढून घ्यावे, तिच्यात पाणी उकळावे, म्हणजे बुडाची साखर आपोआप सुटते.

मध्यंतरी वसईला गेलो असताना राजेळी केळ्यांवर हाच प्रयोग केला. ती लांब असल्यामुळे तिरके तुकडे करावे लागले. लेप छान बसला, पण साबाचा लुसलुशीतपणा आला नाही.

बनाना क्यू तासाभरात खावे, कारण मनिलाच्या दमट हवेत लेपाचा कुरकुरीतपणा टिकत नाही. त्या चौथ्या रविवारी पत्नी बाहेर गेली होती, म्हणून दोन काड्या तिच्यासाठी झाकून ठेवल्या. संध्याकाळी ती येईपर्यंत लेप पाझरून ताटलीला चिकटला होता. तिने चमच्याने खरवडून दोन्ही काड्या संपवल्या आणि कोपऱ्यावरच्या कढईचे नाव काढले नाही.