पुणे जिल्ह्याएवढी जागा आणि साडेपाच हजार माणसं

परवा संध्याकाळी साडेसहाला अमेरिकेतल्या एका आजोबांना फोन लावला, पवनचक्कीच्या पंपाचा पार्ट कधी पोचेल एवढंच सांगायचं होतं. आमची सिस्टीम काउंटी (म्हणजे तिकडचा जिल्हा) बघून वेळ दाखवते, तिथे सकाळचे आठ दाखवत होती. आजोबा म्हणाले, बाळा इथे सात वाजलेत, आमच्या काउंटीत दोन घड्याळं चालतात, पूर्वेकडे सेंट्रल टाइम आणि आम्ही पश्चिमेकडचे माउंटनवाले. गाई बघायला ते पाचलाच उठलेले म्हणून वाचलो.

मग म्हटलं बघू तरी ही चेरी काउंटी आहे केवढी, आणि उडालोच. नेब्रास्का राज्यात, क्षेत्रफळ साधारण १५,५०० चौरस किमी. आपला अख्खा पुणे जिल्हा १५,६४३! म्हणजे जुन्नर ते इंदापूर सगळा धरून बरं का. आपली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ९४ लाख, त्यांची २०२० मध्ये ५,४५५. आमच्या नऱ्ह्यातल्या एका टाउनशिपमधे चौदाशे फ्लॅट आहेत, घरटी चार धरा, झाली काउंटी. त्यातही निम्मे लोक व्हॅलेंटाइन नावाच्या मुख्य गावात (फेब्रुवारीत तिथला शिक्का मारून घ्यायला लोक लांबून पत्रं पाठवतात म्हणे), बाकी सगळा नुसता गवताचा समुद्र.

मला वाटलं पाणी नसेल. तर तसं नाही, उलट खाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे, वर नायोब्रारा नदी आहे. घोळ मातीचा आहे, म्हणजे माती नाहीच, वाळूच्या टेकड्या आहेत आणि गवताच्या मुळांनी ती वाळू धरून ठेवलीये. नांगर घातला की वाळू उडायला लागते. सरकारने १९०४ मध्ये किंकेड कायदा करून एकेका कुटुंबाला ६४० एकर फुकट दिले, आपल्याकडे एवढ्यात माणूस सात पिढ्यांचा जमीनदार होईल, तिथे ते पण पुरलं नाही आणि बऱ्याच जणांनी जमीन मोठ्या रँचवाल्यांना विकून गाव सोडलं. शंभर वर्षांपूर्वी तिथे आजच्या जवळपास दुप्पट माणसं होती. आता गाई माणसांपेक्षा कितीतरी पट जास्त, आणि त्यांना पाणी पाजायला त्याच पवनचक्क्या.

कोडी नावाचं एक छोटं गाव आहे तिथे, किराणा दुकानच नव्हतं, तर शाळेतल्या पोरांनी २०१३ मध्ये दुकान चालू केलं, भिंती पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या! आपल्याकडे खाली चितळे बंद असलं तरी लोकांचा जीव कासावीस होतो.

फोन ठेवताना आजोबांनी विचारलं, तुझा शेजारी किती मैलांवर राहतो रे? भिंतीपलीकडे काकूंचा मिक्सर चालू होता, आजोबांना वाटलं माझ्याकडे ट्रॅक्टर आहे.